वारलेला मालक फोन उचलतो

ती केस आठवली की मला आधी आवाज ऐकू येतो, चेहरा मागनं येतो. पोलिसाचं खरं तर उलटं असायला पाहिजे. आम्हाला शिकवतात चेहरा लक्षात ठेवा, उंची लक्षात ठेवा, गालावरचा व्रण लक्षात ठेवा. पण ह्या केसमध्ये गुन्हा आवाजानं झाला आणि तो पकडायचं शहाणपणही मी आवाजानंच केलं.

आधी एक सांगून टाकतो. रिटायर पोलीस म्हटलं की लोकांना पांढऱ्या मिशा दिसतात. माझ्या अजून काळ्या आहेत. नाकाबंदीत एका लॉरीनं बॅरिकेडसकट माझा गुडघा नेला आणि पस्तिसाव्या वर्षी खात्यानं मला पेन्शन देऊन घरी पाठवलं. मी कुंभकोणमच्या बाजूच्या एका छोट्या गावातला, तमिळ शाळेत शिकलेला, घरात तंजावरी मराठी बोलणारा. शाळेत माझी कीर्ती एकच. हेडमास्तरांचा आवाज काढून मी एकदा अख्ख्या शाळेला अर्ध्या दिवसाची सुट्टी देऊन टाकली होती. तीच कला घेऊन पोलिसात आलो. ठाण्यात आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांचा आवाज मी असा काढायचो की आतल्या खोलीत पत्ते खेळणारे शिपाई टोपी घालून बाहेर यायचे. साहेबांना माहीत होतं. ते फक्त म्हणायचे, "माझ्या आवाजात बायकोला फोन करू नकोस म्हणजे झालं."

नावं मी कुणाचीच सांगणार नाही. काही माणसं अजून त्याच गल्लीत राहतात.

तेव्हा मी जॉर्ज टाउनमधल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. घाऊक बाजाराचं ठाणं, त्यामुळे सकाळचा रोल कॉल संपायच्या आत पहिलं भांडण दारात. हातगाडी लॉरीला लागली, लॉरी दुकानाच्या पाटीला लागली, पाटी कुणाच्या डोक्याला लागली. अशा एका सकाळी गळ्यात ऑफिसचा पट्टा घातलेला एक तिशीतला माणूस आला. अड्यारच्या एका कंपनीचा मॅनेजर. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "सार, एक वारलेला माणूस आम्हाला फोनवर माहिती देतोय."

आमच्या रायटरनं, म्हणजे तक्रारी लिहून घेणाऱ्या हवालदारानं, पेन खाली ठेवलं. "कुठली माहिती? तिकडची?"

मॅनेजर हसला नाही. त्याची कंपनी व्हेरिफिकेशनचं काम करायची. माणूस नोकरी बदलतो, तेव्हा नवी कंपनी ह्यांना सांगते की जरा जुन्या ठिकाणी विचारा. मग हे जुन्या मालकाला फोन लावतात: हा माणूस तुमच्याकडे होता का, किती वर्षं, वागायला कसा, परत घ्याल का. ह्याला रेफरन्स म्हणतात. तो साफ आला की नोकरी पक्की.

अड्यारच्याच एका मोठ्या शिपिंग ऑफिसात एका पस्तीस वर्षांच्या बाईला नोकरी मिळत होती. आधीची तीन वर्षं ती एका क्लिनिकच्या रिसेप्शनला होती, पण शिपिंगवाल्यांनी तिला घेतलं ते त्याच्या आधीच्या अकरा वर्षांसाठी. ती अकरा वर्षं तिनं आमच्या हद्दीतल्या एका दोर-ताडपत्रीच्या घाऊक पेढीत माल पाठवायची कागदपत्रं केली होती. फॉर्मवर पेढीच्या मालकाचा मोबाईल नंबर दिला होता. ह्यांच्या ऑफिसातल्या मुलीनं फोन लावला. मालक पंधरा मिनिटं बोलले.

"इतका चांगला रेफरन्स आम्हाला कधी मिळाला नव्हता, सार. त्यांनी तिचा दोषसुद्धा सांगितला. म्हणाले, रागीट आहे, चुकीच्या कागदावर सही कर म्हटलं तर माझ्याशीही भांडायची. आमच्या मुलीनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं."

"मग तक्रार कसली?"

"नंतर पेढीचं रजिस्ट्रेशन तपासलं. रद्द झालंय. कारण, मालकाचा मृत्यू. तीन वर्षांपूर्वी."

आमचे हेड कॉन्स्टेबल कोपऱ्यात उभे होते. तमिळमध्ये हेड कॉन्स्टेबलला एट्टु म्हणतात, आणि आमचे एट्टु त्या भागात माझ्या वयाइतकी वर्षं होते. पेढीचं नाव ऐकून म्हणाले, "अय्या, ह्या माणसाच्या अंत्ययात्रेला मी स्वतः ट्रॅफिक थांबवला होता. चांगला गेला होता. परत आलेला नाही."

मॅनेजरनं एक यादी पुढे केली. तीन वर्षांत नऊ माणसांनी तोच नंबर दिला होता आणि नऊही जणांना मालकांनी रेफरन्स दिला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. कुणीतरी बंद पेढीचं नाव वापरून रेफरन्स विकतोय.

मी विचारलं, "ह्या बाईचं काय?"

"एक तारखेला जॉइनिंग आहे. तोपर्यंत साफ झालं तर नोकरी, नाहीतर ऑफर रद्द. सध्या होल्डवर ठेवलंय."

महिन्याची ती चार तारीख होती. म्हणजे सत्तावीस दिवस होते.

आता इथं माझी चूक सुरू होते. सरळ मार्ग काय होता? सिम कुणाच्या हातात आहे ते शोधायचं, त्या घरी जायचं, दार वाजवायचं. एट्टु तेच म्हणाले. "अय्या, आधी जाऊन बघू या ना कोण आहे ते." पण माझ्या डोक्यात वेगळंच नाटक चालू झालं होतं. समोर मॅनेजर, आजूबाजूला शिपाई, आणि पलीकडे आवाज काढणारा कुणीतरी. माझ्या कलेला असं गिऱ्हाईक परत कधी मिळणार?

मी म्हटलं, "आपण त्याला एका खोट्या माणसाचा रेफरन्स विकायला लावू."

दुपारी साहेबांच्या खोलीत सगळे जमले. मी बंगळुरूच्या एका कंपनीतला साहेब झालो. जरा नाकातलं इंग्रजी, मध्ये मध्ये तोडकं तमिळ. नोकरी मागणाऱ्या पोराचं एक नाव मनानंच बनवलं, असा माणूस जगात नव्हता, आणि स्पीकर चालू करून फोन लावला. एक शिपाई दुसऱ्या मोबाईलवर रेकॉर्ड करत होता.

पलीकडून जाड, सावकाश आवाज आला. एट्टुंनी माझ्याकडे बघितलं आणि ओठांनीच म्हणाले, "तोच आवाज."

मी म्हटलं, अमुक अमुक माणूस तुमच्याकडे पाच वर्षं गोडाऊनला होता म्हणतो, आम्हाला रेफरन्स हवाय.

"एक मिनिट हां, सार."

कागद चाळल्याचा आवाज. बराच वेळ. मी मॅनेजरला डोळा मारला. मग पलीकडून आवाज आला, "सार, ह्या नावाचा माणूस आमच्याकडे नव्हता. मी दोनदा बघितलं."

मी सूर जरा खाली आणला. म्हटलं, "बघा ना सार, पोराची नोकरी अडलीये. तुम्ही नुसतं हो म्हणा. आम्ही तुमची काळजी घेऊ."

"काळजी कशाला? नव्हता तर कसं हो म्हणू?" आवाज जरासुद्धा चढला नाही. "पण असं करा. आमच्या शेजारी अजून एक दोरवाले आहेत, लोक दोन नावांत गोंधळतात. पोराला परत एकदा विचारा. लगेच नको म्हणू नका त्याला."

मला तेव्हाच थांबायला हवं होतं. ज्याला आम्ही रेफरन्स विकणारा समजत होतो, तो पैशासाठीसुद्धा खोटं बोलत नव्हता. पण नाटकाचा शेवटचा प्रवेश बाकी होता ना. मी विचारलं, "ठीक आहे सार. रेकॉर्डसाठी हवंय, मी कुणाशी बोलतोय?"

"प्रोप्रायटर," आवाज म्हणाला, आणि वारलेल्या माणसाचं पूर्ण नाव सांगितलं.

मॅनेजरनं टेबलावर थाप मारली. "सापडला!" शिपायांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "शाब्बास." आणि मी, खोटं कशाला सांगू, मी वाकून नमस्कार केला.

त्या संध्याकाळी एफआयआर झाला. मॅनेजर साक्षीदार. वारलेल्या माणसाचं सोंग करून फसवणूक.

दुसऱ्या दिवशी ती बाई ठाण्यात आली. कंपनीनं तिला कळवलं होतं की तुमच्या रेफरन्सवर गुन्हा दाखल झालाय. हातात प्लास्टिकची फाईल, केस घट्ट बांधलेले. रडारड नाही. टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "सार, मी काय केलं?"

मी म्हटलं, "तुम्ही ज्याचा नंबर दिला तो मालक वारलाय."

"मला माहीत आहे. मी त्यांच्या घरी दुखवट्याला गेले होते. नंबर पेढीचा म्हणून दिला. पेढीचा दुसरा नंबरच नाही."

"मग बोललं कोण?"

तिनं फाईल घट्ट धरली. सांगितलं तर कुणीतरी अडकतो आणि नाही सांगितलं तर आपण अडकतो, अशा वेळी माणूस हातातलं काहीही धरतो तशी. मग म्हणाली, "जे बोलले त्यातलं काही खोटं होतं का सार? अकरा वर्षं मी तिथं काम केलं. ती अकरा वर्षं कुठं गेली?"

मी विचारलं, पीएफ? नव्हता, माणसं वीसच्या खाली, कायदा लागू नाही. पगार बँकेत? हातात, पाकिटात. अनुभवाचं पत्र? मालक हार्ट अटॅकनं एका दुपारी गेले. महिन्याभरात परदेशातल्या मुलानं येऊन जागा विकली. पत्र कोण देणार? मी त्या मुलालाही मेल केला. एका ओळीचं उत्तर आलं: वडिलांच्या धंद्याची मला माहिती नाही, कागद माझ्याकडे नाहीत.

रिचार्जच्या दुकानावरून पत्ता मिळाला. पेढीपासून तीन गल्ल्या पलीकडे, जिना चढून दोन खोल्या. माणूस एकाहत्तर वर्षांचा. पासष्टच्या वरच्या माणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवत नाहीत, आपण जायचं असतं. एट्टु आणि मी गेलो.

दार उघडलं एका बारीक, पांढऱ्या दाढीच्या आजोबांनी. पेढीचे हेडक्लार्क, चाळीस वर्षं. आम्हाला बघून घाबरले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. मराठीत.

"कोण आलंय हो? कॉफी किती जणांची टाकूं?"

"पोलीस आहेत. दोघे."

"साखर विचारा. पोलिसांना डायबिटीस असतो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मला नाही आज्जी, एट्टुंना आहे."

आजोबांनी चष्मा परत घातला. "तुम्ही आमच्यांतले?"

"कुंभकोणमकडचा."

"मग बसा. उभ्यानें काय अटक करतां."

मी रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. बंगळुरूच्या साहेबाचा आवाज ऐकून म्हणाले, "हे तुम्ही? चांगला काढलांत. पण बंगळुरूवाला 'पोराची नोकरी' म्हणेल का? तो 'कॅंडिडेट' म्हणेल."

एट्टु फुसकन हसले. मलाही हसू आलं. म्हटलं, "तुमचा मालकांचा आवाज?"

ते ताठ बसले, हनुवटी आत घेतली आणि त्या जाड आवाजात एवढंच म्हणाले, "एट्टु, गल्लीत लॉरी आडवी आहे, बघा जरा." आणि आमचे एट्टु खाटेवरून उठून उभे राहिले. खरंच उभे राहिले. मग आपण कुठं आहोत ते लक्षात येऊन परत बसले, आणि त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांची आणि मालकांची तीस वर्षांची ओळख होती.

मी जबाबाचा कागद काढला.

आजोबांनी सगळं सांगितलं. मी फारसे प्रश्न विचारलेच नाहीत. मालकांची एक पद्धत होती. नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाला शेवटच्या दिवशी ते स्वतःच्या खुर्चीत बसवायचे, आपण समोर उभं राहायचे आणि सगळ्यांसमोर त्याचं पत्र तोंडी सांगायचे. हेडक्लार्कनं लिहून घ्यायचं. पत्रात चार गुण आणि एक दोष, नेहमी. ते म्हणायचे, दोष नसलेल्या पत्रावर कोण विश्वास ठेवेल? बाजारात त्या पत्राला फार मान होता.

"ते गेले तेव्हां पेढींत चौदा माणसें होतीं," आजोबा म्हणाले. "चौदा जणांचीं पत्रें राहून गेलीं. मालकांचा मोबाईल दिवसभर माझ्याच टेबलावर असायचा, तो माझ्याकडे राहिला. हजेरीचें मस्टर राहिलें. शिक्का राहिला. म्हटलें, फोन आला तर मी सांगेन."

"मग तुम्ही तुमचंच नाव का नाही सांगितलं?"

"सांगितलें ना! पहिला फोन आमच्या लॉरीवरच्या ड्रायव्हरसाठीं आला. मी म्हटलें, मालक वारले, मी हेडक्लार्क, माणूस सोन्यासारखा आहे. ती मुलगी म्हणाली, सार, तुम्ही त्याचे मॅनेजर होतां का? मी म्हटलें, नाहीं, पेढींत मॅनेजर असें कुणी नव्हतें. मालक होते. मग तिनें लिहिलें, पडताळणी होऊं शकली नाहीं." त्यांनी हात उलटा केला. "ड्रायव्हरची नोकरी गेली. तो इथें ह्या दारांत येऊन उभा राहिला. मला काहीं बोलला नाहीं. कॉफी पिऊन गेला. मग पुढचा फोन आला तेव्हां मी मालक झालों."

आज्जी आतून म्हणाल्या, "मी सांगत होतें. मेलेल्या माणसाचा आवाज घरांत काढूं नका म्हणून."

"घरांत कुठें, गच्चीवर जाऊन बोलायचों."

मस्टर उघडून त्यांनी एकेक नाव दाखवलं. नऊच्या नऊ माणसं तिथं होती. बाईच्या नावापुढे अकरा वर्षांच्या हजेऱ्या होत्या, बाळंतपणाची रजासुद्धा. आम्ही बनवलेल्या त्या माणसासाठीही त्यांनी हीच वही चाळली होती.

पंचनामा करून मी मोबाईल, सिम, शिक्का आणि मस्टर ताब्यात घेतलं. मुद्देमाल. आजोबांनी सही केली आणि विचारलं, "वही कधीं परत मिळेल?"

"कोर्ट सांगेल तेव्हा."

"त्या पोरीला एक तारखेच्या आंत लागेल ना."

जिना उतरून खाली आल्यावर एट्टु म्हणाले, "आधी येऊन बघितलं असतं तर, अय्या." एवढंच. पुढं कधीही त्यांनी ते वाक्य परत उच्चारलं नाही, पण ऐकायचं ते मी ऐकलं होतं.

मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, केस मागे घेऊ या. साहेब चांगले होते. म्हणाले, "सोंग केलं की नाही? रेकॉर्डिंग आहे की नाही? कंपनीचा माणूस साक्षीदार आहे की नाही? हे सगळं तूच जमवलंस. आता कागद झाला, तो त्याच्या वाटेनं जाणार. तुला घाई असेल तर पळत लिही."

मी पळत लिहिलं. चहावाल्याचा जबाब, हमालाचा जबाब, शेजारच्या दोरवाल्याचा जबाब. हमाल म्हणाला, "ती बाई? लॉरीवाले तिला बघून बिड्या विझवायचे." दोरवाल्यानं तारखेनिशी सांगितलं ती कधी लागली. त्या बाईनं तिथं अकरा वर्षं काम केलं ह्याचा इतका पक्का पुरावा कुणाकडेच नसेल, आणि तो सगळा आजोबांच्या विरुद्धच्या फाईलमध्ये होता. बाई कॉपी द्या म्हणाली तर देता येईना. पळूनसुद्धा दोषारोपपत्र कोर्टात जायला अठरा दिवस लागले.

कोर्टानं आजोबांना सरकारी खर्चानं वकील दिला. तरुण वकील, हुशार. तो म्हणाला, "लढा. ह्यात कुणाचं काय नुकसान झालं? सुटाल तुम्ही." आजोबांनी विचारलं, किती दिवस लागतील? वकील म्हणाला, दोन वर्षं, तीन वर्षं. "तोंवर वही?" वही कोर्टात. "आणि मी गुन्हा कबूल केला तर?" तर वही आजच परत मागता येईल.

मी मागच्या बाकावर होतो. एकाहत्तर वर्षं ज्यांच्या नावावर साधा ट्रॅफिकचा दंड नव्हता ते आजोबा उठले आणि म्हणाले, "मला गुन्हा मान्य आहे." ह्या वेळी त्यांच्या स्वतःच्या आवाजात. तो पातळ होता, जरा कापरा. कोर्टात दाराशी उभ्या असलेल्यांना ऐकूही गेला नसेल.

थोडा दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे संध्याकाळपर्यंत कोर्टाच्या बाकावर बसून राहायचं. अशीही शिक्षा असते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. ते दुसऱ्यांच्या केसेस ऐकत होते. चारच्या सुमारास वहीच्या आदेशाचा कागद आला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून वरच्या खिशात ठेवला. महिन्याची सव्वीस तारीख होती. म्हणाले, "पांच दिवस आहेत. पुष्कळ झाले."

दुसऱ्या दिवशी बाई आजोबांकडून मस्टर घेऊन अड्यारला गेली. मीही गेलो, साध्या कपड्यात. मॅनेजर उठून उभा राहिला, पाणी मागवलं. वही उघडून बघितली, पान पान. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो.

"ही कोण ठेवायचं?" त्यानं विचारलं.

"हेडक्लार्क," बाई म्हणाली.

"म्हणजे ज्यांना काल..."

"हो."

त्यानं वही हळूच मिटली. "मॅडम, मला पटतंय. पण मी वर काय लिहू? सोंग केल्याबद्दल शिक्षा झालेल्या माणसानं ठेवलेलं रजिस्टर? ते मलाच विचारतील."

मी म्हटलं, "मी सांगतो ना. मी तपास केलाय. तीन साक्षीदार आहेत. माझा रेफरन्स घ्या."

त्यानं खरंच कॉम्प्युटरवर फॉर्म उघडला. मग माझ्याकडे बघून, अगदी ओशाळून, म्हणाला, "सार, तुम्ही त्यांचे रिपोर्टिंग मॅनेजर होता का?"

मी दहा माणसांचे आवाज काढू शकतो. त्या प्रश्नाला माझ्याकडे एकही आवाज नव्हता.

एक तारखेला ऑफर रद्द झाली.

त्या दिवशी मॅनेजरकडून निघून बसस्टॉपवर उभे असतानाच बाईनं मस्टर माझ्या हातात दिलं. "त्यांना परत द्या. आणि सार, त्यांना सांगू नका. वही चालली असं सांगा. माझ्यासाठी त्यांनी स्वतःवर शिक्का मारून घेतला. तो फुकट गेला हे त्यांना कळायला नको."

"आणि तुम्ही?"

"बघते कुठंतरी."

दोन महिन्यांनी तिला एका कुरिअर कंपनीच्या काउंटरवर काम मिळालं. फ्रेशर म्हणून, बावीस वर्षांच्या पोरीच्या हाताखाली. अनुभवाच्या रकान्यात तिनं शून्य लिहिलं होतं. मला फोनवर सांगताना हसली. "खरं लिहिलं असतं सार, तर त्यांनी परत कुणाला तरी फोन केला असता."

मी वही परत द्यायला गेलो तेव्हा आजोबा जिन्यातच भेटले. पहिला प्रश्न, "चालली?"

"चालली," मी म्हटलं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, अशी वही आजकाल कोण ठेवतं."

त्यांचा चेहरा एवढा उजळला की मला वर जाऊन कॉफी पिणं जमेना. गुडघा दुखतो म्हटलं. तेव्हा माझा गुडघा चांगला होता. त्या अख्ख्या केसमध्ये नोकरीबद्दल खोटं बोललेला माणूस एकच, आणि त्याच्यावर कुठलंही कलम लागलं नाही.

लोक विचारतात, पोलिसात काय शिकलास? बरंच शिकलो. ह्या केसनं शिकवलं ते असं: गुन्हा खरा असतो, पुरावा पक्का असतो, कलमही बरोबर असतं, आणि तरी आपण चुकीच्या टोकापासून सुरुवात केलेली असते. आधी जिना चढायचा. माणूस बघायचा, त्याच्या हातात कुठली वही आहे ती बघायची. नुसता फोन करून माणूस पकडता येतो, पण तो कोण आहे ते कळत नाही. मी एका दुपारच्या टाळ्यांसाठी तो जिना दुसऱ्या दिवसावर ढकलला, आणि ज्या बाईचा ह्यात काहीच दोष नव्हता तिची अकरा वर्षं त्यात गेली.

हल्ली मी वॉचमनांना ट्रेनिंग देणाऱ्या एका संस्थेत शिकवतो. पोरं नोकरी बदलतात, माझा नंबर देतात, फोन येतात. मी हातातलं काम सोडून बसतो. नाव विचारतो, रजिस्टर काढतो, पोराचे चार गुण सांगतो, एक दोष सांगतो. पलीकडची मुलगी शेवटी विचारते, "सार, मी कुणाशी बोलतेय?"

मी माझं नाव सांगतो. सावकाश, माझ्याच आवाजात. आणि तिनं लिहून घेतलं का, ते परत एकदा विचारतो.